सात फुटी सोफा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मापं नेमकी कुठकुठली घ्यायची?

नारायणपेठकर

नमस्कार मंडळी. आम्ही नारायण पेठेत राहतो. तिसरा म्हणजे शेवटचा मजला, लिफ्ट नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत (सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघाला की पहिल्या मजल्यावरच्यांना नेमकं घरी काम आठवतं). घरात सासऱ्यांच्या वेळचा सागवानी सोफा आहे, वेताच्या जाळीचा. जाळी दोनदा विणून घेतली, आता तिसऱ्यांदा फाटलीय. विणणारे काका गावी गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा दिवाळीच्या आत नवा सोफा, असं घरात एकमतानं ठरलंय. आमच्याकडे एकमत ही काही रोजची गोष्ट नाही, म्हणून घाई.

कर्वे रोडवर एका दुकानात एक आवडला. थ्री सीटर, कार्डावर लिहिलंय लांबी ८४ इंच, डेप्थ ३६, उंची ३३. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हा पुण्यात कुठेही जातो." मी म्हटलं, "नारायण पेठेत?" तर नुसता हसला.

मला धास्ती आहे ती माझ्या भावामुळे. त्याचा सोफा दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर अडकला तो चार दिवस तिथेच होता. येणारेजाणारे त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायचे. दुकानदारानं परत घेतला नाही. "गाडीतून उतरला की माल तुमचा," असं बिलाच्या मागं बारीक अक्षरात छापलेलंच होतं. शेवटी दादानं तो खालच्या मजल्यावरच्या लोकांना निम्म्या किमतीत दिला. आता भाऊबीजेला गेलो की वहिनी जिन्यातच तो दाखवते.

आमचा हॉल १० बाय १४. दार ३४ इंच. जिना साधारण तीन फूट. एवढ्यावरून अंदाज येईल का, की आणखी काही मोजायला हवं?

छोटा_हत्ती

ताई, बावीस वर्षं झाली सामान हलवतोय. हॉलचं माप सगळे घेऊन येतात. सोफा हॉलमध्ये अडकलेला मी आजवर बघितला नाही, अडकतो तो वाटेत. मोजायला सुरुवात करायची टेम्पोच्या फाळक्यापासून. गेट, मग मीटरची पेटी, मग जिन्याचं पहिलं वळण, असं करत वर या.

दार ३४ म्हणजे काय मोजलंत? चौकटीच्या आतून आत मोजा, आणि झडप पूर्ण उघडून मोजा. झडपेची जाडी त्यात जाते, कडीकोयंडा जातो, दारामागं चपलांचं कपाट असेल तर झडप काटकोनात येऊन थांबते, पुढं जात नाही. सेफ्टी डोअर असेल तर त्याची चौकट वेगळी, ती बहुतेक अरुंदच असते. जुन्या चौकटी वरखाली सारख्या नसतात, खाली, मधे आणि वर असं तीनदा टेप लावा. सुतात लिहून ठेवा. "साधारण" लिहिलंत तर हमालानं काय करायचं?

सोफ्याचे पाय निघतात का ते उलटा करून बघा. लाकडी पाय फिरवून निघणारे असले तर चार इंच वाचले. खिळ्यानं ठोकलेले असले तर विसरा. आणि पॅकिंग धरा. पुठ्ठा, फोम, वरून प्लॅस्टिक, सगळं मिळून इंच दीड इंच वाढतं. फार टाइट असेल तर आम्ही जिन्याखालीच सोडतो, पण मग कापडाला खरचटलं तर आमच्या नावानं शंख करायचा नाही.

दोर लावून बाल्कनीतून घेऊ म्हणाल तर पेठेत मी नाही करत. केबलच्या वायरी, खाली दुकानाचा पत्रा आणि वर ग्रिल. आता त्यात पडायचं वय राहिलं नाही.

भूमिती_काका

प्रश्नकर्त्या ताईंनी जिन्याचं माप "साधारण तीन फूट" दिलं आहे. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, "साधारण" या शब्दाला एकदाही मार्क दिले नाहीत.

दोन मापं लोक हमखास विसरतात. पहिलं, सोफ्याची तिरकी डेप्थ. सोफा बाजूनं पाहिला तर तो चौकोन नसतो. पाठ उंच, हात ठेंगणा, म्हणजे पुढचा वरचा कोपरा कापलेलाच आहे. पाठीच्या माथ्यापासून हाताच्या पुढच्या टोकापर्यंत एक सरळ काठी टेकवा. मग मागच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या काठीपर्यंत काटकोनात अंतर मोजा. सोफा कलता धरून लांबीच्या दिशेनं दारातून सरकवला तर दाराच्या रुंदीला जे भिडतं ते हे अंतर. ३६ ही डेप्थ नव्हे आणि ३३ ही उंचीही नव्हे.

दुसरं, वस्तू उभी करताना लागणारी उंची. साडेसहा फुटी कपाट पावणेसात फुटी छताखाली उभं राहतं, पण आडवं आणून तिथे उभं करायला जावं तर छताला घासतं. कारण उभं होताना कपाटाचा कर्ण छताखालून जावा लागतो. सोफ्याचंही तेच.

जाता जाता, या विषयावर गणितात एक खराखुरा प्रश्न आहे. १९६६ साली लिओ मोझर यांनी तो मांडला: एक एकक रुंदीच्या, काटकोनात वळणाऱ्या बोळातून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाचा सोफा वळवता येईल? १९९२ साली जोसेफ गर्व्हर यांनी सुमारे २.२१९५ क्षेत्रफळाचा आकार काढला, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा दिसणारा. त्याहून मोठा सोफा असूच शकत नाही, अशी शंभरावर पानांची सिद्धता जिनॉन बेक या कोरियन गणितज्ञानं २०२४ साली मांडली. म्हणजे सोफा वळवायला माणसांना अठ्ठावन्न वर्षं लागली. मात्र त्या प्रश्नात सोफा जमिनीवरून उचलायला परवानगी नाही. आपल्या हमालांना आहे.

छोटा_हत्ती

काका, रिसीव्हरच्या आकाराचा सोफा कुणी आणला तर भाडं डबल.

वाकडवासी

लिफ्ट नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका ताई. आमच्याकडे आहे. ६ व्यक्ती, ४०८ किलो, अशी चकचकीत पाटी आहे. सोफ्याचं वजन विचारलं, पन्नास किलो. म्हटलं आरामात. तर तो लिफ्टमध्ये ना आडवा मावला ना तिरका, आणि उभा करायला जावं तर दाराच्या वरच्या पट्टीला अडला. अकरावा मजला. मजल्यामागे पैसे ठरले. आठव्या मजल्यावर हमाल बसले आणि म्हणाले, साहेब, चहा. मी चहा आणायला लिफ्टनं गेलो, हे बायको अजून सांगते.

नारायणपेठकर

सगळ्यांचे आभार. काका, "साधारण"बद्दल माफी. रविवारी सकाळी मुलाला (आठवीत आहे) टेपचं दुसरं टोक धरायला लावून खालपासून वरपर्यंत मोजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं बिल्डर आला. त्यांना समजावण्यात पाऊण तास गेला.

गेटपासून जिन्यापर्यंत मीटरच्या पेटीपाशी ३९ इंच. जिना ३८, पण कठड्याच्या उंचीला साडेपस्तीसच. मधल्या लँडिंगवर बीमखाली ८ फूट. इथपर्यंत ठीक वाटतंय.

खरी गंमत आमच्या दारापुढे आहे. आमचं दार आणि समोरच्या काकूंचं दार यांत ४६ इंच. जिना चढून आलं की काटकोनात वळून आत यायचं. आणि त्या जागेवर, डोक्यावर, सोसायटीनं लोखंडी अँगल टाकून प्लायचा माळा केलाय, गणपतीच्या मंडपाचं सामान ठेवायला. पंधरा वर्षं रोज त्याखालून जातेय, कधी वर बघितलं नव्हतं. त्याच्या खाली ७ फूट १ इंच. आमच्या दाराची उंची ७८ इंच. चौकट साडेचौतीस, झडप उघडून ३३, आणि सेफ्टी डोअरला ३२. तीन ठिकाणी मोजलं, खाली दोन सूत कमी भरतंय.

मग संध्याकाळी पडद्याचा रॉड आणि टेप घेऊन स्कूटरवरून परत दुकानात. रॉड मुलानं मागं बसून भाल्यासारखा धरला होता. सोफ्यावर रॉड टेकवून तिरकी डेप्थ मोजली. हाताची उंची २२ आहे, तिरकं भरलं साडेएकतीस. म्हणजे ३२ च्या फटीतून साडेएकतीस, तेही पॅकिंगशिवाय! विक्रेत्यानं मला पाणी आणून दिलं. पण पाय स्क्रूचे आहेत, साडेचार इंची. ते काढले की उंची साडेअठ्ठावीस राहते आणि तिरकी डेप्थ सव्वासत्तावीसच्या आसपास. तेव्हा दाराची काळजी मिटली ना?

भूमिती_काका

आता कसं बोललात! दाराच्या रुंदीची काळजी मिटली. वळणाची नाही.

४६ इंचांच्या जागेत ८४ इंची सोफा आडवा वळणार नाही, हे आकृती न काढताही दिसतं. तो उभा करावा लागेल. आता करा गणित. ८४ चा वर्ग ७०५६. साडेअठ्ठावीसचा ८१२.२५. बेरीज ७८६८.२५, वर्गमूळ ८८.७. तुमचा माळा ८५ इंचांवर. म्हणजे तुमच्या दारापुढे हा सोफा उभा राहील, पण उभा करता येणार नाही. मधल्या लँडिंगवर ८ फूट आहेत, तिथे उभा करून तसाच वर नेला तरी तुमच्या दाराची उंची ७८, सोफा ८४. आत घ्यायला पुन्हा कलता करावाच लागणार, आणि कलता करताना कर्ण पुन्हा माळ्याला लागणार.

याच मॉडेलमध्ये ७८ इंची असेल तर कर्ण ८३. माळ्याखालून निघेल. ७२ असेल तर ७७.४, आणि शिवाय ७२ हे ७८ पेक्षा कमी, म्हणजे दारातून उभाच्या उभा आत सरकेल.

छोटा_हत्ती

काकांचं बरोबर आहे. ७८ वाला कलता घ्यायचा तर समोरच्या काकूंचं दार उघडं ठेवायला सांगा. बूड त्यांच्या हॉलमध्ये मागं घ्यायचं आणि तोंड तुमच्या दाराखालून घालायचं. पेठेत निम्मे सोफे समोरच्यांच्या घरातूनच जातात. तेवढ्यासाठी तरी शेजाऱ्याशी बरं ठेवावं. ७२ वाल्याला त्याची गरज नाही, दोन माणसं पुरतील.

सेफ्टी डोअर बिजागरीच्या पिनेवरून वर उचलून निघतं का बघा. निघत असेल तर आधीच्या दिवशी पिनांना तेल सोडा.

जमिनीवरचा_माणूस

एवढं करण्यापेक्षा गादी आणि चार लोड टाका. कुठल्याही जिन्यातून जातात.

नारायणपेठकर

@जमिनीवरचा_माणूस, सासूबाईंचे गुडघे तुमच्याकडे पाठवते.

गुडघ्यांवरून आठवलं, हे कुणीच सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. शनिवारी सासूबाईंना दुकानात नेलं. त्या बसल्या, छान आहे म्हणाल्या आणि मग उठेचनात. दोन्ही हात टेकले, पुढे झुकल्या, परत मागे गेल्या. तिसऱ्यांदा माझा हात धरून उठल्या. टेप पर्समध्येच होता (आता तो तिथेच राहतो). बैठकीची उंची साडेपंधरा इंच. घरी येऊन जुना सोफा मोजला, साडेसतरा. दोन इंचांत एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. दुकानात सांगितलं तर म्हणाले, पाय सहा इंची लावून देतो, स्क्रूचेच आहेत. म्हणजे बैठक सतरा होईल. पाय काढून आणायचे असल्यामुळे जिन्याच्या गणितात फरक नाही, बरोबर ना काका?

दुसरं, हॉल. भूमितीत पास झालो तरी ८४ घेणार नव्हतो असं आता वाटतंय. रद्दीतले पेपर जमिनीवर मांडून कडेनं चिकटपट्टी लावली, ८४ बाय ३६. सोफा दहा फुटी भिंतीला लागणार आणि त्याच भिंतीच्या टोकाला बाल्कनीचं दार आहे, आत उघडणारं. कागदावर उरलेले ३६ इंच पुष्कळ वाटले होते. पेपरांच्या कडेला पाट उभे करून दार उघडून बघितलं, तर ते बरोबर सोफ्याच्या हाताला टेकून थांबतं. कपडे वाळत घालायची बादली घेऊन रोज आडवं होऊन जायचं.  आणि आमचा गणपती बसतो तो त्याच कोपऱ्यात. ७२ मांडलं तेव्हा चौरंग आणि दोन समया बसतील एवढी जागा निघाली. दोन रात्री ते पेपर तसेच ठेवले होते. नवरा ऑफिसमधून आला की पेपरांना वळसा घालून जायचा, म्हटलं चला, सवय होतेय.

७२ वाला बुक केला. "दारातून आत गेला नाही तर परत," एवढं बिलावर पेनानं लिहून सही घेतली. आधी नाही म्हणत होते. मी रॉड दाखवला.

भूमिती_काका

पाय काढलेले असतील तर फरक नाही. बरोबर.

नारायणपेठकर

कालची हकिकत. सकाळी आठला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला. दोन हमाल, त्यातला एक जेमतेम विशीतला. मी कागदावर सगळी मापं लिहून ठेवली होती, मोठ्या हमालानं तो हातात घेतला, एकदा बघितलं आणि घडी करून खिशात टाकला. म्हणाला, "वैनी, असा कागद आजवर कुणी दिला नाही." त्यानं तो वाचला की नाही, कुणास ठाऊक.

सोफा जिन्यातून कठड्याच्या वर उचलून आणला, कुठेही टेकला नाही. सेफ्टी डोअर नवऱ्यानं आदल्या रात्री काढून ठेवलं होतं (तेल सोडलं होतं, तरी एक पीन हातोडीनं ठोकावी लागली आणि साडेदहाला समोरच्या काकू बाहेर आल्या). माळ्याखाली उभा करायला लागले आणि धाकटा ओरडला, "ट्यूब, ट्यूब!"

माळ्याच्या खाली ट्यूबलाइटची पट्टी आहे. मी माळा मोजला होता, पट्टी नाही. ती अडीच इंच खाली येते, म्हणजे प्रत्यक्षात साडेब्याऐंशी. आमचा ७७.४ वाला पाच इंच राखून निघाला. पण मधला ७८ इंची घेतला असता तर कर्ण ८३, आणि अर्ध्या इंचासाठी सोसायटीची ट्यूब फुटली असती. त्यावरून मीटिंगही झाली असती. लिफ्टची नाही होत, याची झाली असती.

आत यायला दोन मिनिटं लागली असतील. उभाच्या उभा, पाठ आधी, मग बूड थोडं फिरवून. पाय मुलानं लावले. सासूबाई बसल्या, उठल्या, परत बसल्या. काही बोलल्या नाहीत, पण दुपारची झोप तिथेच काढली.

जुना सोफा आज जातोय, मात्र त्यातली एक खुर्ची त्यांनी ठेवून घेतलीय. जाळी विणून पाहिजे म्हणतात. वेत विणणारा कुणाच्या ओळखीत आहे का? पेठेच्या आसपास असेल तर बरं.

छोटा_हत्ती

जुन्या बाजारात विचारा, मंगळवार पेठेत. बुधवारी किंवा रविवारी जा. खुर्ची बरोबर नेऊ नका, आधी नुसता फोटो दाखवा. आणि ती खुर्ची स्कूटरवरून नेऊ नका म्हणजे झालं.

नारायणपेठकर

खुर्चीची रुंदी २३ इंच आहे. स्कूटरच्या पुढच्या जागेत नाही बसत. मोजलं.